सभेतला हात : हुपरी परिसरातील राजकीय हस्तमुद्रांचा इतिहास

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांमुळे देशभर ओळखले जाते आणि या ओळखीच्या झळाळीत त्या परिसराची दुसरी ओळख सहसा झाकली जाते. हुपरी, माणगाव, इचलकरंजी आणि जयसिंगपूर हा टापू गेली शंभर वर्षे सभांचा मुलूख राहिलेला आहे. १९२० सालची माणगाव परिषद, १९३९ साली जयसिंगपुरात स्थापन झालेली कोल्हापूर संस्थानातील प्रजापरिषद, संयुक्त महाराष्ट्राचा लढा, सहकारी साखर कारखान्यांच्या वादळी वार्षिक सभा आणि एकविसाव्या शतकात पुन्हा जयसिंगपुरातच भरू लागलेली ऊस परिषद, असा हा सलग पट आहे. या सभांतील शब्द वृत्तपत्रांनी आणि चरित्रकारांनी बऱ्यापैकी जपले, परंतु ते शब्द उच्चारताना वक्त्याचा हात काय करत होता, याची नोंद ठेवावी असे फारसे कोणाला वाटले नाही. त्यामुळे हातांचा इतिहास लिहिणाऱ्याला पुतळ्यांकडे, कायद्याच्या कलमांकडे, तालमीतल्या रिवाजांकडे आणि बाजाराच्या सवयींकडे वळावे लागते.

बोलणाऱ्याच्या हातांचा विचार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात एका हाताच्या २४ आणि दोन्ही हातांच्या १३ मुद्रा सांगितल्या असून त्यांना अनुक्रमे असंयुत आणि संयुत हस्त म्हटले आहे. सरळ उघड्या तळव्याला ‘पताक’ आणि ताठ तर्जनीला ‘सूचीमुख’ अशी त्यांची नावे आहेत. रोममध्ये क्विंटिलियनने इसवी सनाच्या पहिल्या शतकात वक्त्याने हात कोठवर उचलावा आणि कोठे थांबवावा याचे नियम घालून दिले, तर आयर्लंडच्या गिल्बर्ट ऑस्टिन याने १८०६ साली हातांच्या हालचालींची जणू स्वरलिपीच तयार केली. अलीकडच्या अभ्यासकांनी, विशेषतः डेव्हिड मॅकनील यांनी १९९२च्या आपल्या ग्रंथात, बोलताना होणाऱ्या हालचालींचे काही प्रकार पाडले. वस्तू किंवा दिशा दाखवणारी ती निर्देशक हालचाल, आकार रेखाटणारी ती चित्रदर्शी, आणि कोणताही स्वतंत्र अर्थ नसताना वाक्याच्या आघातांबरोबर वरखाली होणारी ती ठेक्याची. यांखेरीज शब्दांवाचून पूर्ण अर्थ सांगणारे संकेत असतात, जसा नमस्कार. हे वर्गीकरण उपयुक्त आहे, पण हुपरी परिसरातील सभेचा हात समजण्यास ते अपुरे पडते, कारण तो हात कोणत्याही शास्त्रग्रंथातून वा वक्तृत्वाच्या वर्गातून आलेला नाही. तो कीर्तनातून, आखाड्यातून आणि बाजारातून आला.

कीर्तनाचा वाटा सर्वांत जुना असला तरी थोडक्यात सांगता येतो. नारदीय कीर्तनात कीर्तनकार उभा राहून बोलतो, गातो आणि चालतो. पूर्वरंगात विषय मांडतो, उत्तररंगात आख्यान लावतो, आणि आख्यानातील चार पात्रे केवळ हाताच्या व मानेच्या वळणाने वेगळी करून दाखवतो. लोकमान्य टिळकांच्या काळात दत्तोपंत पटवर्धनांसारख्यांनी राष्ट्रीय कीर्तन रूढ केले, तेव्हा आख्यानाच्या जागी देशकारण आले. हात तेच राहिले. गाडगे महाराजांनी तर कीर्तनाला सवाल-जवाबाचे रूप दिले आणि समोरच्या जमावाकडून उत्तर वसूल केले. पुढच्या काळातील ग्रामीण वक्ता प्रश्न विचारून कानामागे तळवा धरतो आणि उत्तराची वाट पाहतो, त्याची पूर्वपीठिका येथे आहे. शाहिरांनी या परंपरेत एक कान झाकणारा आणि दुसरा उंच फेकलेला हात आणला. कोल्हापूरच्या पिराजीराव सरनाईकांसारख्या शाहिरांचे पोवाडे ऐकलेल्या श्रोत्यांना राजकीय वक्त्याचा वर गेलेला हात परका वाटण्याचे कारण नव्हते.

आखाड्याचा वाटा मात्र विस्ताराने पाहावा लागतो, कारण कोल्हापुरी राजकारणाला जे वेगळेपण आहे ते बहुतांशी तेथून आले आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ साली पूर्ण झालेले खासबाग मैदान उभारले. या मैदानाची रचनाच अशी आहे की हौदा खाली आणि प्रेक्षक चहूबाजूंनी चढत्या उतारावर बसलेले असतात, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मल्लाच्या हाताची हालचाल स्वच्छ दिसते. ध्वनिक्षेपक येण्यापूर्वी हजारो लोकांना एकाच वेळी काही ‘सांगण्याची’ जी सोय या संस्थानात होती, ती म्हणजे हे मैदान. आणि तेथे सांगणे शब्दांनी नव्हे, तर देहाने होत असे. मल्ल मैदानात उतरतो, माती कपाळाला लावतो, उजवा तळहात किंचित खोलगट करून मांडीवर मारतो, मग डावा हात कोपरात दुमडून छातीशी आणतो आणि त्या दंडावर पुन्हा तसाच आघात करतो. तळवा सपाट पडला तर नुसता चटका बसतो. तो खोलगट असेल तरच घुमणारा पोकळ आवाज निघतो, आणि जाणता प्रेक्षक त्या आवाजावरून गड्याचा दम जोखतो. हा शड्डू. त्याचा अर्थ एकच असतो : समोर कोण येतो ते पाहू. त्यानंतर सलामी होते, हाताला हात लागतात आणि खडाखडी सुरू होते.

कोल्हापुरातील तालीम ही केवळ व्यायामशाळा नव्हती आणि नाही. पेठेतला गणपती, मोहरमचा पंजा, फुटबॉलचा संघ, भांडणाचा निवाडा आणि निवडणुकीचा प्रचार हे सर्व तालमीच्या कट्ट्यावरून चालत आले, त्यामुळे आखाड्यातले हात राजकीय व्यासपीठावर येण्यास मुद्दाम कोणी आणण्याची गरज पडली नाही. जिल्ह्यातील साखर कारखाना, जिल्हा बँक किंवा गोकुळ दूध संघ यांची निवडणूक लागली की नेत्याने व्यासपीठावर शड्डू ठोकणे किंवा दंड थोपटणे ही अलंकारिक भाषा राहत नाही. कित्येकदा ती प्रत्यक्ष कृती असते आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिचे छायाचित्र येते. बाहेरच्या निरीक्षकाला यात उथळपणा दिसण्याचा संभव आहे. परंतु शड्डूला आखाड्यात एक कठोर नियम आहे, तो असा की ज्याने शड्डू ठोकला त्याने कुस्ती लढलीच पाहिजे, आणि कुस्ती निकाली झाली तर हार सर्वांसमोर मान्य केली पाहिजे. श्रोत्यांना हा नियम ठाऊक असतो. म्हणून व्यासपीठावर शड्डू ठोकून पुढे उमेदवारी मागे घेणाऱ्या किंवा विरोधकाशी जुळवून घेणाऱ्या नेत्याची जी टिंगल होते, ती केवळ आश्वासन मोडणाऱ्याची कधी होत नाही. नेत्याने उमेदवाराचे मनगट धरून त्याचा हात उंच करण्याची पद्धतही पंचाने विजेत्याचा हात उंचावण्यासारखीच दिसते, फरक इतकाच की येथे निकाल लागण्याआधीच हात वर जातो.

या हस्तव्यवहारात एक उणीव ठळकपणे दिसते. तालीम आणि बाजार ही दोन्ही पुरुषांची ठिकाणे होती, त्यामुळे त्यांतून आलेली हातांची भाषाही पुरुषी राहिली. निवेदिता माने यांनी १९९९ ते २००९ या काळात इचलकरंजी मतदारसंघाचे लोकसभेत प्रतिनिधित्व केले, हुपरीत पैंजण घडवण्याच्या कामाचा मोठा भाग घरोघरी बायकांच्या हातांनी होतो, तरी सभेत बाईने वापरावयाचा हात म्हणून परंपरेने पदर सावरणारा हात आणि जोडलेले हात यांपलीकडे फारसे काही दिले नाही. शड्डू ठोकणाऱ्या पुरुषाला टाळी मिळते. बाईने तोच ठोकला तर टाळीचा सूर बदलतो.

आता हे हात ज्या सभांत दिसले त्यांकडे वळू. बहिष्कृत समाजाची माणगावची परिषद २१ व २२ मार्च १९२० या दोन दिवशी भरली. माणगाव हे त्या वेळी कागल जहागिरीतले गाव होते; अध्यक्षस्थानी तरुण भीमराव आंबेडकर होते, आणि दुसऱ्या दिवशी शाहू महाराजांनी स्वतः येऊन बहिष्कृत समाजाला त्याचा पुढारी मिळाल्याचे जाहीर केले. जगात ध्वनिक्षेपकाचा सार्वजनिक सभेसाठी उपयोग तेव्हा नुकता कोठे होऊ लागला होता. अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी सॅन दिएगो येथे विजेच्या साहाय्याने वाढवलेल्या आवाजात केलेले भाषण १९१९चे आहे. माणगावात असे कोणतेही साधन नव्हते. अशा सभेत आवाज पुढच्या काही रांगांपर्यंतच नीट पोहोचे. मागच्यांना तो तुकड्यातुकड्यांनी मिळे आणि उरलेले देहावरून समजून घ्यावे लागे. म्हणून त्या काळचा वक्ता आखूड वाक्ये बोले, वाक्यानंतर थांबे, चारी दिशांना वळे आणि हात खांद्याच्या वर नेई. शाहू महाराजांचा पैलवानी देह आणि व्यासपीठावर त्यांनी आंबेडकरांना दिलेला मान हे मागच्या रांगेतल्यांना ऐकू न येताही कळण्याजोगे होते. राजाने अस्पृश्य गणलेल्या माणसाशेजारी बसणे, ही त्या दोन दिवसांतील सर्वांत दूरवर दिसणारी कृती होती.

१९३०च्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांतून ध्वनिक्षेपक सर्वत्र दिसू लागले. शिकागो रेडिओ हे नाव कोरलेला मायक्रोफोन त्या काळच्या असंख्य छायाचित्रांत नेत्यांच्या तोंडासमोर आढळतो. या यंत्राने आवाजाचा प्रश्न सोडवला, परंतु देहाला दाव्याने बांधले. दांड्यावर बसवलेला मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावरच ऐकतो, त्यामुळे वक्त्याला मान वळवता येईना आणि चालता येईना; कीर्तनकाराची आणि शाहिराची मोकळीक संपली. धड स्थिर झाले, डावा हात पुढच्या मेजाच्या कडेवर किंवा दांड्यावर टेकला आणि भाषणाचा सारा भार उजव्या हातावर आला. एक हात टेकलेला आणि दुसरा छातीच्या उंचीवर ठेका धरणारा, हे आज ‘नेत्याचे’ म्हणून जे रूप सर्वांच्या डोळ्यांसमोर येते, ते बऱ्याच अंशी या यंत्राने घडवले. पुढे हातात धरायचा आणि मग बिनतारी मायक्रोफोन आला, चालण्याची मोकळीक परत मिळाली, पण एक हात कायमचा अडकला. शड्डू ठोकायचा तर मायक्रोफोन शेजारच्या कार्यकर्त्याकडे द्यावा लागतो, आणि जाणता कार्यकर्ता तो नेत्याच्या मांडीजवळ नेऊन धरतो.

वक्त्यांच्या हातांइतकेच पुतळ्यांचे हातही पाहावे लागतात. कोल्हापूरच्या बिंदू चौकात ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसवण्यात आले. आंबेडकरांच्या हयातीत उभारलेल्या त्यांच्या अगदी सुरुवातीच्या पुतळ्यांत यांतील दुसऱ्याची गणना होते. बागल हे प्रजापरिषदेचे नेते, प्रखर वक्ते आणि चित्रकारही होते. शिल्पकार बाळ चव्हाण यांनी घडवलेले ते पुतळे अर्धाकृती आहेत, म्हणजे त्यांना हात नाहीत. त्यानंतरच्या सोळा-सतरा वर्षांत चित्र पालटले. ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला आणि २ एप्रिल १९६७ रोजी संसद भवनाच्या आवारात अनावरण झालेला आंबेडकरांचा ब्राँझचा पुतळा उजवा हात पुढे करून तर्जनीने दिशा दाखवतो आणि डाव्या हातात ग्रंथ धरतो. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या चौकांत जो आंबेडकर उभा राहिला तो या घडणीचा. शड्डू प्रतिस्पर्ध्याला उद्देशून असतो. ही तर्जनी कोणाला धमकावत नाही, ती सभेच्या बाहेर, संसदेकडे आणि राज्यघटनेकडे बोट दाखवते, असा तिचा अर्थ आंबेडकरांच्या अनुयायांनी लावला. हातकणंगले तालुक्यातील व्यासपीठांवर त्यानंतर दोन्ही हात शेजारी-शेजारी नांदू लागले, आणि वक्ता कोणत्या परंपरेतून आला हे पुष्कळदा त्याच्या पहिल्या दहा वाक्यांतील उजव्या हातावरून ओळखता येऊ लागले. तिसरा हात लाल बावट्याचा होता. शेतकरी कामगार पक्षाचे या जिल्ह्यात दीर्घकाळ बळ होते आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कामगार चळवळ उभी राहिली, तेव्हा कोपरातून वाकलेल्या हाताची मूठ घोषणेबरोबर वर जाण्याची सवय येथे पक्की झाली.

या उघड्या हातांच्या पाठीमागे एक झाकलेला हातही होता. दख्खनच्या हिऱ्यांच्या बाजारात सतराव्या शतकात फिरलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने १६७६च्या आपल्या प्रवासवर्णनात लिहिले आहे की विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसत, विक्रेता कमरेच्या वस्त्राखाली घेणाऱ्याचा उजवा हात धरे आणि एक शब्दही न बोलता सौदा ठरे. पूर्ण हात धरला तर हजार, एक बोट म्हणजे शंभर, मधल्या पेरापर्यंत अर्धे बोट म्हणजे पन्नास आणि बोटाचे पहिले पेर म्हणजे दहा. भोवती बसलेल्या कोणालाही भाव कळत नसे. रुमालाखाली किंवा उपरण्याखाली बोटे धरून भाव ठरवण्याची हीच रीत महाराष्ट्रातल्या गुरांच्या बाजारात अद्याप दिसते. शेतमालाच्या बाजारात मात्र तिच्यावर कायद्याने घाला घातला. १९२८च्या शाही शेती आयोगाने नियंत्रित बाजारपेठांची शिफारस केली, मुंबई प्रांताने १९३९ साली त्यासाठी कायदा केला आणि महाराष्ट्राने १९६३ साली नवा. गुप्त बोलीच्या जागी उघडा लिलाव आला, कारण झाकलेल्या हातात शेतकऱ्याची फसवणूक होते असे ठरले. शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीच्या गूळ पेठेपासून हुपरीच्या चांदीच्या व्यवहारापर्यंत ज्यांचे पोट भाव ठरण्यावर अवलंबून होते, असे हजारो लोक याच सभांचे श्रोते होते. हात झाकला की काहीतरी शिजते, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते. व्यासपीठावरच्या नेत्याने शेजाऱ्याच्या कानाला लागून तोंडापुढे तळवा धरला की खाली कुजबुज सुरू होते, ती त्यामुळे.

राजकारणाने उलट उघड्या हाताला कायद्यात स्थान दिले. संस्थेच्या सभेत हात उंचावून ठराव मंजूर करणे, महापौराच्या निवडीत सदस्यांनी सर्वांसमक्ष हात वर करणे, हे त्याचे प्रकार होत. त्याची या जिल्ह्यातील सर्वांत गमतीदार आणि तितकीच गंभीर आवृत्ती म्हणजे सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा. विषयपत्रिकेवरील विषय वाचून होण्याआधीच एका बाजूने ‘मंजूर, मंजूर’ आणि दुसऱ्या बाजूने ‘नामंजूर’ असा गजर होतो, दोन्हीकडचे हात एकाच वेळी वर जातात, आणि अध्यक्ष ते न मोजता पुढच्या विषयाकडे वळतात. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मॅक्स अ‍ॅटकिन्सन यांनी १९८४ साली दाखवून दिले की सराईत वक्ता शब्द आणि हात यांची सांगड अशी घालतो की टाळी नेमकी कोठे द्यायची हे श्रोत्याला आपोआप कळते. हुपरी-यळगूड येथील जवाहर कारखान्यापासून गोकुळपर्यंतच्या सहकाराच्या जगात मात्र श्रोता त्या खुणेची वाट पाहत नाही; तो घरूनच हात वर करण्याचे ठरवून येतो.

पक्षचिन्हांची कथा याला जोडून येते. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी मानवी हात हे चिन्ह फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाकडे होते, आणि रा. स. रुईकर हे नागपूरचे कामगार पुढारी होते. काँग्रेसकडे तेव्हा बैलजोडी होती, पुढे गाय-वासरू आले, आणि १९७८च्या फुटीनंतर इंदिरा गांधींच्या पक्षाने हात स्वीकारला. नाट्यशास्त्रातला पताक अशा रीतीने मतपत्रिकेवर छापला गेला आणि गर्दीला शांत करण्यासाठी तळवा उंचावण्याची साधी खूण विरोधी पक्षाच्या वक्त्याला अडचणीची झाली. ती केली की खालून कोणीतरी ‘पंजा!’ असे ओरडणारच.

या सर्वांहून वेगळा, पण त्याच श्रोत्यांपुढे होणारा एक जाहीर उच्चार हुपरीशेजारच्या पट्टणकोडोलीत दरवर्षी ऐकू येतो. विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडे बाबा हातात तलवार घेऊन हेडाम खेळतात, म्हणजे तलवारीसह देवाचे नृत्य करतात, भंडाऱ्याने आसमंत पिवळा होतो, आणि त्यानंतर भाकणूक सांगितली जाते. पाऊस, धान्याचे भाव, रोगराई आणि राज्यकारभार हे सारे तिच्यात येते. तलवारीने आपल्याच देहावर आघात करणारा हात आधी सत्याची ग्वाही देतो आणि मग शब्द येतात. प्रचारसभेत नेत्याच्या हाती तलवार किंवा गदा देऊन ती उंचावून दाखवण्याचा जो प्रघात आहे, त्यात या क्रमाचे उसने तेज असावे, असे मानण्यास जागा आहे. नेत्याची तलवार मात्र म्यानाबाहेर येते ती छायाचित्रापुरती.

हुपरीची ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद झाली आणि २०१७ साली तिची पहिली निवडणूक झाली. चौकसभा लहान झाल्या, मोबाइलच्या पडद्यावर अर्ध्या मिनिटाचे तुकडे फिरू लागले, आणि त्या उभ्या चौकटीत खांद्याच्या वर गेलेला हात कापला जातो म्हणून हात पुन्हा छातीजवळ आले. मतदाराच्या हाताला मात्र स्वतःची खूण कितीतरी आधीच मिळाली होती. मतदानाची न पुसणारी शाई १९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूर पेंट्स या १९३७ साली स्थापन झालेल्या कारखान्याकडून येते, आणि तिचा मुख्य घटक सिल्व्हर नायट्रेट, म्हणजे चांदीचा क्षार आहे. तो त्वचेत मुरतो, उजेडाने काळा पडतो आणि नख वाढेपर्यंत जात नाही; चांदी काळी का पडते हे ज्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, तेथे या डागाचे नवल वाटण्याचे कारण नाही. शाई डाव्या तर्जनीला लावतात. सभेत उगारली जाणारी तर्जनी बहुधा उजवी असते, त्यामुळे मतदान करून बाहेर आलेल्या नेत्याने छायाचित्रकारांपुढे सवयीने उजवा हात उचलला, तर तो त्याला बदलावा लागतो.